पित्त, दुर्बीण आणि मराठवाडा

राजेरजवाड्यांच्या लढाया, तह आणि सनदा यांचा इतिहास लिहिण्याची आपणांस संवय झाली आहे. परंतु ज्या देहांनीं त्या लढाया लढल्या, शेतें नांगरलीं आणि दुष्काळ सोसले, त्या देहांच्या इतिहासाकडे आपलें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. प्लेग, देवी, पटकी या सांथींची नोंद सरकारी कागदांत सांपडते, कारण सांथ आली म्हणजे सरकार हादरतें. पण जो रोग सांथ म्हणून येत नाहीं, घरोघर वर्षानुवर्षें नांदतो, आणि जो जडला असतांही रोगी अंथरूण न धरतां शेतावर जातच राहतो, त्याची नोंद कोण ठेवणार? पोटाच्या वरच्या भागाचे रोग या जातीचे आहेत. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कोणत्याही गांवीं पारावर बसलेल्या चार माणसांना विचारावें. एकाच्या छातींत जळजळतें, दुसऱ्यास करपट ढेकर येतात, तिसऱ्याच्या पोटांत उपाशीपोटीं आग पडते, चौथ्याची अन्नावरची वासनाच उडालेली असते. चौघेही आपल्या दुखण्यास एकच नांव देतील : पित्त.

वैद्यकाच्या दृष्टीनें मात्र हे चार निराळे रोग असूं शकतात, आणि त्यांतील एखादा जिवावरचाही असूं शकतो. हें निराळेपण डोळ्यांनीं दाखविणारें साधन म्हणजे, ज्यास आपल्याकडील लोक ‘दुर्बीण’ म्हणतात, तें एन्डोस्कोपीचें यंत्र होय. तोंडावाटे घातलेली, बोटाएवढ्या जाडीची लवचीक नळी अन्ननलिका, जठर आणि जठरापुढील आंतड्याचा आरंभ, म्हणजे ग्रहणी, येथपर्यंत जाते व आंतील अस्तर पडद्यावर दाखविते. प्रत्येक तपासणीनंतर वहींत एक ओळ लिहिली जाते : वय, स्त्री कीं पुरुष, तक्रार कोणती, दिसलें काय. अशा हजारों ओळी एकत्र वाचल्या म्हणजे एका प्रांताच्या अन्नाचा, व्यसनांचा, पाण्याचा आणि दारिद्र्याचा वृत्तांत हातीं येऊं लागतो. ही नोंदवही बखरीइतकेंच इतिहासाचें साधन आहे; आणि बखरीप्रमाणेंच ती कोणाविषयीं व केव्हां लिहिली गेली हें पाहिल्यावांचून तिच्यावर विसंबतां येत नाहीं. एवढेंच प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

पोटाच्या दुखण्यांत भेद आहेत हें आपल्या पूर्वजांस ठाऊक नव्हतें असें नव्हे. माधवकराच्या ‘माधवनिदान’ ग्रंथांत अम्लपित्तास स्वतंत्र प्रकरण आहे. शूलाच्या विवेचनांत परिणामशूल, म्हणजे अन्न पचत असतां उठणारा शूल, आणि अन्नद्रवशूल असे भेद सांगितले आहेत. जेवणानंतर कांहीं काळ लोटल्यावर ठराविक वेळीं उठणारी वेदना ही आजच्या डॉक्टरांसही ग्रहणीच्या व्रणाची आठवण करून देते. केवळ रोग्यास प्रश्न विचारून व त्याच्या उत्तरांची प्रतवारी लावून इतका बारकावा गांठणें ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु पंडितांचा हा विवेक खेड्यांत पोंचला नाहीं. तेथें एकटा पित्त शब्द उरला. शिवाय प्रश्नांच्या मार्गानें जाणाऱ्या विद्येला एक मर्यादा होतीच. पोटाच्या आंत प्रत्यक्ष काय चाललें आहे, हें जिवंत माणसांत पाहण्याची सोय कोणत्याच देशांत नव्हती.

ती सोय प्रथम एका अपघातानें झाली. १८२२ सालीं उत्तर अमेरिकेंत अलेक्सिस सेंट मार्टिन नांवाच्या एका तरुणास बंदुकीची गोळी लागली. तो वांचला, पण त्याच्या जठरास पडलेलें छिद्र कायमचें उघडें राहिलें. लष्करी शस्त्रवैद्य विल्यम बोमंट यानें त्या छिद्रावाटे अन्न कसें विरघळतें याचें वर्षानुवर्षें निरीक्षण करून १८३३ मध्यें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पण छिद्र नसलेल्या माणसाच्या पोटांत पाहावें कसें? जर्मनींतील आडोल्फ कुसमाउल यास १८६८ मध्यें युक्ति सुचली ती तलवार गिळून दाखविणाऱ्या एका खेळाडूवरून. ज्याच्या घशांतून सरळ पातें उतरतें, त्याच्या घशांतून सरळ नळीही उतरेल, असा त्याचा तर्क. आणि सुमारें ४७ सेंटिमीटर लांबीची धातूची नळी त्यानें त्या खेळाडूच्या पोटांत उतरवून दाखविली. अडचण राहिली ती उजेडाची. १८८१ मध्यें व्हिएन्ना येथें मिकुलिच यानें विजेनें तापलेल्या तारेचा उजेड आंत नेला. पुढें १९३२ मध्यें रुडोल्फ शिंडलर यानें टोकाकडे कांहींशी वांकणारी, भिंगांनीं भरलेली नळी तयार करविली. तरीही रोग्यानें मान मागें टाकून निपचित पडून राहावें, आणि पाहणाऱ्यानें आंतील कांहीं कोपरे न दिसतांच समाधान मानावें, अशीच स्थिति होती.

हा अडसर दूर करणाऱ्यांत एका भारतीयाचा वाटा आहे, ही गोष्ट आपणांकडे अद्याप पुरेशी परिचित नाहीं. पंजाबांतील मोगा येथें जन्मलेले नरिंदरसिंग कपानी हे लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या हाताखालीं संशोधन करीत होते. केंसाहून बारीक अशा कांचेच्या तंतूंची जुडी बांधली, तर तिच्या एका टोकाचें चित्र, जुडी वांकविली तरी, दुसऱ्या टोकास पोंचतें, हें त्या दोघांनीं १९५४ मध्यें प्रसिद्ध केलें. त्या तत्त्वावर अमेरिकेंत बॅसिल हर्शोविट्झ व त्याच्या सहकाऱ्यांनीं जठर पाहण्याची वांकणारी नळी बनविली. १९५७ च्या आरंभीं हर्शोविट्झनें ती प्रथम स्वतःच्या घशांत घातली, आणि मगच रोग्याच्या. १९८३ च्या सुमारास नळीच्या टोकाशींच सूक्ष्म कॅमेरा बसला, आणि जें दृश्य एकट्या डॉक्टरच्या डोळ्यास दिसे तें पडद्यावर सर्वांस दिसूं लागलें. कुसमाउलच्या नळीपासून या पडद्यापर्यंत येण्यास एकशें पंधरा वर्षें लागलीं.

हीं वर्षें जात असतांना मराठवाड्यांतील रोगी कोठें जात होता? १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, आणि आजचा लातूर जिल्हा तर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होता. मोठें दुखणें म्हणजे परगांव, हें येथील माणसाचें पिढ्यान्पिढ्यांचें गणित होतें. आणि परगांव कोणतें हें आगगाडीचा रूळ ठरवी. विसाव्या शतकाच्या आरंभीं मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गानें नांदेड हैदराबादेशीं जोडलें गेलें, आणि गोदाकांठच्या रोग्याचें तोंड मुसी नदीच्या कांठच्या उस्मानिया रुग्णालयाकडे वळलें. लातुरास १९११ मध्यें बार्शी लाईट रेल्वेची अरुंद गाडी आली. तीच लाईन १९२७ मध्यें पंढरपुराहून पुढें मिरजेपर्यंत पोंचली, जेथें विल्यम वानलेस या मिशनरी शस्त्रवैद्यानें उभारलेलें रुग्णालय दूरदूरच्या प्रांतांत नांवाजलें होतें. पुढें रूळ रुंद झाले. आणि २०१६ च्या एप्रिलांत, लातूर शहरास प्यावयास पाणी उरलें नाहीं तेव्हां, त्याच मिरजेहून पाण्यानें भरलेली आगगाडी लातुरास आली. औषधासाठीं आणि पाण्यासाठीं एकाच दिशेकडे डोळे लावावे लागावे, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाहीं.

परिस्थिति पालटली ती वैद्यकीय महाविद्यालयांमुळें. १९७४ मध्यें अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालें, १९८८ मध्यें नांदेडास शासकीय महाविद्यालय झालें, १९९० च्या सुमारास लातुरास खासगी व २००२ मध्यें तेथेंच शासकीय महाविद्यालय आलें. महाविद्यालय आलें म्हणजे विभाग आले, विभागांबरोबर यंत्र आलें, आणि यंत्राबरोबर ती नोंदवही. या दोन जिल्ह्यांच्या पोटाचा लेखी इतिहास खऱ्या अर्थानें येथून सुरू होतो, म्हणजे अवघ्या कांहीं दशकांचा आहे.

आतां या वह्यांत काय दिसतें तें पाहूं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या तपासण्यांत भारतभर वारंवार आढळणारी पहिली गोष्ट ही कीं, पुष्कळांच्या पोटांत डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं, किंवा अस्तराची साधी लाली दिसते. यांचें दुखणें खोटें असतें असें नाहीं. पण तें व्रणाचें नसतें. दुसरी गोष्ट अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशीं दिसणारे ओरखडे. जठरांतील अम्ल वर चढून ते पडतात, आणि छातींतील जळजळ ती हीच. तिसरी गोष्ट जठराचे व ग्रहणीचे व्रण. चौथी, यकृत कठीण झालेल्यांच्या अन्ननलिकेंत फुगलेल्या निळसर शिरा, ज्या फुटल्या म्हणजे रक्ताची उलटी होते, आणि ज्यांच्यामागें पुष्कळदां दारूचा इतिहास असतो. पांचवी गोष्ट संख्येनें थोडी, पण सर्वांत भयंकर : अन्ननलिकेचा किंवा जठराचा कर्करोग.

यांपैकीं व्रणाचा इतिहास विशेष बोधप्रद आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ग्रहणीचा व्रण हा दक्षिण हिंदुस्थानचा रोग मानला जाई. एव्हरेस्टच्या १९२२ व १९२४ च्या मोहिमांत भाग घेणारे शस्त्रवैद्य हॉवर्ड सॉमरवेल यांनीं त्रावणकोरांतील नेय्यूरच्या रुग्णालयांत या व्रणावर इतक्या शस्त्रक्रिया केल्या कीं, त्यांचे अनुभव विलायतेंतील नियतकालिकांत छापले गेले. कुन्नूर येथें रॉबर्ट मॅकॅरिसन यांनीं उंदरांच्या निरनिराळ्या टोळ्यांना निरनिराळ्या प्रांतांचें अन्न खाऊं घातलें. त्रावणकोरच्या गरिबांच्या अन्नावर पोसलेल्यांत व्रण पुष्कळ, मद्रासच्या अन्नावर कमी, आणि पंजाबी अन्नावर मुळींच नाहीं, असें त्यांस आढळलें. पुढें रेल्वेचे डॉक्टर मल्होत्रा आणि म्हैसूर येथें काम केलेले शस्त्रवैद्य फ्रँक टोव्ही यांनींही भात खाणारा प्रदेश व गहूं खाणारा प्रदेश यांत हाच फरक दाखविला. नांदेड-लातूरचा शेतकरी या दोन्हीं पंक्तींत बसत नाहीं. त्याचें पान ज्वारीच्या भाकरीचें, तुरीच्या वरणाचें आणि हिरव्या मिरचीच्या ठेच्याचें. त्यामुळें तिखटावर सारा दोष टाकण्याची आपल्याकडे रीत पडली. तिखटानें आग होते हें खरें. पण तिखटानें व्रण पडतो असें सिद्ध झालेलें नाहीं.

व्रणाचें मुख्य मूळ भलतीकडेच निघालें. १९८२ मध्यें ऑस्ट्रेलियांत बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनीं जठराच्या अस्तरांत राहणारा एक वळणदार जंतु वाढवून दाखविला. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवीना, म्हणून १९८४ मध्यें मार्शलनें तो जंतु स्वतः पिऊन आपल्या जठरास दाह करून घेतला. २००५ मध्यें त्या दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. हेलिकोबॅक्टर पायलोरी नांवाचा हा जंतु बहुधा लहानपणींच शरीरांत शिरतो. घरांतील दाटी, शौचाची गैरसोय आणि अस्वच्छ पाणी हे त्याचे वाटाडे. ज्या मुलखांत टँकरच्या पाण्यावर उन्हाळे काढावे लागतात, तेथें हा केवळ प्रयोगशाळेंतील प्रश्न राहत नाहीं. तरीही कोडें पूर्ण सुटलें असें नाहीं. भारतांत हा जंतु बहुसंख्य प्रौढांच्या पोटांत असूनही, त्याच्यापासून होणारा जठराचा कर्करोग त्या मानानें थोडा आहे. आणि भाताच्या व गव्हाच्या प्रदेशांतील जुना फरकही एकट्या जंतूनें उलगडत नाहीं.

इतकें मात्र निश्चित कीं, ग्रहणीचा व्रण पूर्वीसारखा राहिलेला नाहीं. १९७६ मध्यें सिमेटिडीन व १९८८ च्या सुमारास ओमेप्राझोल हीं अम्ल रोखणारीं औषधें निघालीं, त्यांस जंतुनाशक औषधांची जोड मिळाली, आणि व्रणासाठीं पोट फाडण्याची वेळ क्वचित् येऊं लागली. त्याच्या जागीं आतां दुसरा व्रण दिसतो, तो वेदनाशामक गोळ्यांचा. गुडघे व कंबर धरलेला म्हातारा शेतकरी दुकानांतून गोळी आणतो, ती उपाशीपोटीं महिनोन्महिने घेतो, आणि काळा शौच होऊं लागला म्हणजे रुग्णालयांत येतो. रोग गेला नाहीं. त्यानें कारण बदललें.

कर्करोगाची कथा याहून निराळी आहे, आणि तिच्यांत एका मराठी शास्त्रज्ञाचें नांव आदरानें घेतलें पाहिजे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांतील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं कर्करोग कोणत्या समाजांत कोठें होतो व त्या समाजाच्या संवयी काय, यांची सांगड घालण्याचें काम आयुष्यभर केलें. संघवी व राव यांच्यासह त्यांनीं १९५५ मध्यें इंग्लंडांतील वैद्यकीय नियतकालिकांत जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचा विषयच तंबाखू ओढणें व खाणें आणि अन्नमार्गाच्या वरच्या भागाचा कर्करोग हा होता. खाण्याचा संबंध तोंडाच्या रोगाशीं अधिक आणि ओढण्याचा घशाच्या खालच्या भागाशीं अधिक, असा विवेक त्यांत आहे. मराठवाड्यांत या दोन्हीं संवयी आहेत, आणि तिसरीही आहे : भाजलेल्या तंबाखूची मिश्री, जी बायका दांतांस लावतात आणि जिला व्यसन म्हणून कोणी गणीतच नाहीं. गुटख्यावर राज्यांत २०१२ मध्यें बंदी आली. पण मिश्री चुलीच्या तव्यावर तयार होते, तिला कायदा कसा गांठणार?

स्त्रियांविषयीं आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. रक्त कमी झालेल्या स्त्रियांच्या अन्ननलिकेच्या अगदीं आरंभीं एक पातळ पडदा वाढतो व घास अडकूं लागतो, हें १९१९ मध्यें पॅटरसन व ब्राऊन केली या दोघां ब्रिटिश वैद्यांनीं वर्णिलें. दुर्बीण आंत जातांजातांच कित्येकदां तो पडदा फाटतो, आणि लोहाच्या गोळ्यांनीं पुढील उपाय होतो. उपेक्षा झाली तर मात्र त्याच जागीं कर्करोग होण्याचा धोका वाढतो. म्हणजे ज्या दुखण्याचें मूळ सर्वांच्या मागून उरलेलें जेवण्यांत आहे, त्याचा शेवट शस्त्रक्रियेच्या टेबलावर होऊं शकतो.

येथेंच नोंदवहीच्या मर्यादेचा प्रश्न उभा राहतो. तिच्यांत पुरुष अधिक दिसतात, म्हणून रोग पुरुषांसच अधिक, असें अनुमान काढणारा फसेल. ज्यास गाडीभाड्याचे पैसे आहेत, ज्याच्याबरोबर कोणी येऊं शकतें, ज्याची एका दिवसाची मजुरी बुडाली तरी चालते, त्याचीच ओळ वहींत पडते. मोगलांचीं अखबारें वाचून दख्खनच्या कुणब्याची स्थिति ठरवूं नये, तसेंच हें. दारांत आलेल्यांची मोजदाद आणि मुलखाची मोजदाद यांतील अंतर भरून काढण्याचा एक थोर प्रयत्न आपल्याच शेजारीं झाला आहे. सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें १९८७ मध्यें भारतांतील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, आणि तिच्या क्षेत्रांत बार्शीबरोबर मराठवाड्यांतील परांडा व भूम हे तालुकेही आहेत. तेथें रोगी येण्याची वाट पाहत बसावयाचें नाहीं. गांवोगांव जाऊन विचारावयाचें, अशी पद्धति आहे. नांदेड व लातूर येथील दुर्बिणीच्या वह्यांस अशा गांवनोंदींची जोड मिळाली, तरच त्यांचें वाचन खरें होईल. कारण खेड्यांतील पानही आतां पालटत आहे. खरीप ज्वारीच्या शेतांत सोयाबीन आलें, भाकरीच्या जोडीस रेशनचा गहूं व तांदूळ आला. या बदलाचा पोटावर काय परिणाम झाला, हें पुढच्या पिढीनें विचारलें तर उत्तराचे कागद आजच तयार ठेविले पाहिजेत.

या साऱ्या वृत्तांतांतून मनास लागणारी गोष्ट एकच आहे. अन्ननलिकेचा कर्करोग झालेला रोगी दुर्बिणीपर्यंत येतो तेव्हां बहुधा भाकरी सुटलेली असते, पेज तेवढी उतरत असते. यंत्रास तेव्हां रोग ओळखण्यास क्षणभरही लागत नाहीं. पण ओळखून उपयोग थोडा. मधले महिने कोठें गेले? ते पित्त या शब्दांत गेले. पहिल्यांदा घास अडला तेव्हां त्यानें स्वतःस सांगितलें, पित्त आहे; शेजाऱ्यानें सांगितलें, पित्त आहे; दुकानदारानें अम्ल कमी करणारी गोळी दिली, आणि तिनें कांहीं दिवस बरेंही वाटलें. जुन्या काळीं दुर्बीण दूर होती म्हणून उशीर होई. आतां ती जिल्ह्याच्या गांवीं आली आहे, तरी उशीर होतो, कारण शब्द जागचा हललेला नाहीं.

शब्द बदलणें हें यंत्र विकत घेण्याहून कठीण काम आहे, आणि तें डॉक्टरांइतकेंच लिहिणाऱ्यांचें व शिकविणाऱ्यांचें आहे. प्रत्येक जळजळीसाठीं दुर्बीण घालून घेण्याची गरज नाहीं. तसें केल्यास गरिबाचा पैसा व्यर्थ जाईल. पण घास अडकणें, विनाकारण वजन उतरणें, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखा काळा शौच होणें, अंगांतील रक्त कमी होणें, आणि उतारवयांत प्रथमच पोट दुखूं लागणें, हीं पित्ताचीं लक्षणें नव्हेत. हीं तपासणीचीं लक्षणें आहेत. माधवकरानें एका शूलाचे अनेक शूल करून दाखविले, ते रोग्यास विचारून. आपणांजवळ विचारणें आहे आणि पाहणेंही आहे. पित्ताचे अनेक रोग करून दाखविण्याचें तेंच जुनें काम मराठवाड्याच्या खेड्यांत पोंचविणें, एवढें आपल्या पिढीकडे उरलें आहे.